टेंपो बिघडण्याची वाट बघणारी

कुंदे,

तुझ्या शोकसभेत मी लोकांना हसवलं. माझा इलाज नव्हता. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, समोर तुझा फोटो होता, आणि त्या फोटोत तू इतकी गंभीर दिसत होतीस की चुकून दुसऱ्याच बाईचा लावलाय की काय, असं मला क्षणभर वाटलं. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले. दोघांनीही तुला शांत आणि सोज्वळ म्हटलं. मग मी उठलो आणि तू कॅरममध्ये लबाडी कशी करायचीस ते करून दाखवलं. राणी घेताना डाव्या कोपराने सोंगटी हळूच सरकवायची, आणि कोणी पकडलं की म्हणायचं, ‘वारो इलो.’ तुझ्या बागेतल्या मांगराची दारं-खिडक्या बंद, आणि वारो इलो. मागच्या रांगेतली मुलं हसली, मग रडली, मग सरपंचही हसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘दिग्या, माझ्या मरणाक पण तू टाळये घेतलंस.’

घेतल्या. घरी आलो, पाय धुतले, आणि ध्यानात आलं की एवढा वेळ बोलून जे सांगायचं होतं तेच मी सांगितलं नाही. ते सभेत सांगण्यासारखं नव्हतंच. ते तुला एकटीला सांगायचं होतं, आणि तू होतीस तेव्हा सांगायचं होतं.

आपलं दोघांचं जमायचं कसं, हे कोडं गावाला शेवटपर्यंत सुटलं नाही. मी दशावतारातला स्त्रीपार्टी. पन्नाशी उलटली तरी तोंडाला रंग आणि अंगावर शालू चढला की अजून चार गावांत माझ्याइतकी देखणी राणी नाही, हे मी स्वतः सांगतो कारण दुसरं कोणी सांगत नाही. तू शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचीस आणि वर्षभरात जितकं बोलायचीस तितकं मी प्रार्थनेच्या आधी बोलून मोकळा व्हायचो. माझ्या पोटात काही राहत नाही. गावात कुणाला एखादी बातमी लवकर पसरवायची असेल, तर तो मला बाजूला घेऊन ‘कोणाला सांगू नको’ म्हणतो. तुझ्या पोटात मात्र गावातल्या निम्म्या तरण्या मुलांची दुःखं होती आणि त्यातलं एकही कधी ओठावर आलं नाही.

तुझ्या बागेतला तो मांगर. पूर्वी त्यात नारळ आणि जाळी ठेवायचे. तू तो झाडून घेतलास, कॅरम ठेवलास, चटया टाकल्यास, आणि जी मुलं गावात कुठेच बसत नव्हती ती तिथे येऊन बसू लागली. बारावीत अडकलेली, मुंबईला जाऊन परत आलेली, जुळलेलं लग्न मोडलेली, घरात कुणाशी न बोलणारी. ह्या कामाचं तू रीतसर शिक्षण घेतलं होतंस, पण ‘समुपदेशन’ हा शब्द तू मांगराच्या आसपास फिरकू दिला नाहीस. म्हणायचीस, ‘त्या शब्दान पोरां पळतत.’ तुझा एकच नियम होता, मांगरातला मांगरात. इथे बोललेलं इथेच राहील.

एका सकाळी तू माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, “दिग्या, रविवारी दुपारचो ये. पोरांक दशावतार शिकव.”

“त्यांका कित्याक शिकवूचा? ती घरात नाटकाच करतत, असा त्यांची आवस-बापूस सांगतत.”

“तुमच्या नाटकात लिवलेला काय नसता ना? म्हणान.”

खरं होतं ते. आमच्याकडे कथा ठरलेली असते, संवाद नाहीत. समोरचा काय बोलला ते ऐकायचं आणि त्यावर आपलं उभ्या उभ्या रचायचं. ऐकलं नाही तर बोलता येत नाही. तू म्हणालीस, “माझ्या पोरांचा कोण आयकणा नाय, आणि ती पण कोणाचा आयकनत नाय. आयकूक शिकव त्यांका.” मग माझ्याकडे जरा बघितलंस आणि म्हणालीस, “आता ती तुझ्याकडसून आयकूक शिकतली म्हणजे देवाचीच मस्करी.”

मी आलो. ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे रविवार होते, हे तुला कळलं होतं की नाही कोण जाणे. घरात तोंड न उघडणारी पोर राक्षस होऊन अशी गर्जायची की बागेतले कावळे उडायचे. मृदंग नव्हता, आम्ही पत्र्याचा डबा बडवायचो. तू कोपऱ्यात चटईवर बसून कोकमाची सोलं निवडत असायचीस. आम्हाला वाटायचं तुझं लक्ष नाही.

आणि मग विन्या.

विन्या मुंबईहून परत आलेला. नोकरी का सुटली ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून गावाने ते आपल्या परीने ठरवून टाकलं होतं. तिठ्यावर कोणीतरी रोज विचारायचंच, ‘काय रे, मुंबय झेपली नाय?’ उंच, हडकुळा, मान खाली. मांगरात यायचा आणि दाराजवळ बसायचा. बरेच दिवस बोलला नाही. मग एका रविवारी मी त्याला राजा केला. राज्य सोडून वनात निघालेला राजा. मी राणी होतो, अर्थातच.

कुंदे, तो काय बोलला, आठवतं ना? मान वर करून, रंगमंचावरच्या शुद्ध भाषेत, आवाज जराही न कापता. “प्रधानजी, आमचा घोडा धाकट्या राजपुत्रांना द्या. तो लाथ मारत नाही, फक्त त्याला घाई केलेली आवडत नाही.” मग म्हणाला, “आम्ही गेल्यावर दरबारातली आमची जागा रिकामी ठेवू नका. तिथे कुणालातरी बसवा. रिकाम्या जागेकडे बघून आईसाहेबांना त्रास होईल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी राणी झालो, इतके राजे माझ्यासमोर वनात गेले, एकानेही मला असं हलवलं नव्हतं. मी भूमिका सोडून टाळ्या वाजवल्या. सगळ्या मुलांनी वाजवल्या. डबा बडवला. मी त्याला मिठी मारून म्हटलं, “विन्या, मेल्या, तू खंय होतंस इतके दिवस?” येत्या जत्रेत ह्याला कंपनीत घ्यायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तू टाळी वाजवली नव्हतीस.

सगळे चहाकडे वळले तेव्हा तू मला बाजूला ओढलंस. “दिग्या, ह्या कथेत राजाक आवस खंय आसा?”

“म्हणजे?”

“कथेत आवस नाय. तेणी आईसाहेब खंयसून आणल्यान?”

“अगो, उत्स्फूर्त म्हणतत तेका. कलाकार आसा तो.”

तू नुसती हनुवटीने चहाकडे खूण केलीस. तू दाखवलंस तेव्हा मला दिसलं. विन्या आपली टोपी एका मुलाच्या डोक्यावर घालत होता, हेडफोन दुसऱ्याच्या हातात देत होता. हसत होता. मी त्याला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं आणि मला बरं वाटत होतं.

तू त्याला विहिरीकडच्या माडाखाली नेलंस. मी मागोमाग आलो, कारण मी मागोमाग येणारच. तू त्याच्या शेजारी बसलीस, समोर नाही, आणि वेळ कशी विचारावी तसं विचारलंस, “विन्या, जीव देवचो इचार मनात आसा काय तुझ्या?”

 असलं अभद्र कोणी तोंडाने विचारतं? नंतर मी तुला तेच म्हटलं, आणि तू म्हणालीस, “इचारल्यान नसलेलो इचार येणा नाय. आसलेलो भायर येता.” पण तेव्हा मला फक्त विन्याचा चेहरा दिसत होता. त्याने बागेपलीकडच्या समुद्राकडे बघत ‘होय’ अशी मान हलवली. मग पहिलं वाक्य बोलला ते हे, “मांगरातला मांगरात ना, ताय?”

तू म्हणालीस, “नाय रे. ह्या नाय.”

तो उठायला लागला. तू त्याचा हात धरलास आणि सोडला नाहीस. मला म्हणालीस, “दिग्या, रिक्षा बोलव.”

त्या दिवशीचं बाकीचं मला अजून तुकड्यातुकड्यांत आठवतं. त्याच्या आईच्या पडवीत तू बसलेली, आणि ती तुझ्यावर कडाडलेली, “माझ्या झिलाक येडो ठरवतंस?” तू म्हणालीस, “ताप इलो तर डाक्तराकडे नेतंस ना गो वयनी? तसाच ह्या.” सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. जाताना विन्याने तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तू फसवलंस माका.” त्यानंतर तो तुझ्याशी एक शब्द बोलला नाही. बरा होऊन घरी आला, मामाकडे कुडाळला गेला, गॅरेजमध्ये काम शिकला, तिथेच राहिला. मांगराच्या वाटेला पुन्हा आला नाही.

बाकीची मुलंही थांबली. ‘ताय फुटता,’ असं एकमेकांना सांगू लागली. कितीतरी रविवार मांगरात तू आणि मी, दोघंच. कॅरम खेळायचो. तुझी लबाडी तेवढी जोरात चालू होती.

आपण भांडलो ते तेव्हा. मी म्हटलं, “तू शब्द मोडलंस, कुंदे. एकच नियम होतो तुझो.”

“मोडलंय. परत मोडीन.”

“तेका विश्वासात घेवन, हळूहळू सांगूक होया होता. आता तो कधी येवचो नाय.”

“नाय येवंदे,” तू स्ट्रायकर लावत म्हणालीस. “खंयतरी आसंदे.”

ते वाक्य तेव्हा मला कठोर वाटलं. मी तुला सांगितलं की शब्द म्हणजे शब्द, रंगमंचावर आमचं सगळं त्यावरच चालतं, एकाने शब्द मोडला की दुसरा तोंडघशी पडतो. तू म्हणालीस, “माझो शब्दच अर्धो होतो. पयल्याच दिवशी पुरो सांगूक होयो होतो.” नंतर नवी मुलं हळूहळू येऊ लागली, तेव्हा तू प्रत्येकाला दारातच सांगायचीस, मांगरातला मांगरात, पण कोणाच्या जीवावर बेतला तर नाय. आणि आणखी एक बदल केलास, तो मला फार उशिरा लक्षात आला. आपल्याकडे ‘मेल्या’ म्हटल्याशिवाय माया दाखवता येत नाही. तू मुलांना मेल्या म्हणणं सोडलंस. मला म्हणत राहिलीस.

आपलं भांडण मिटलं नाही. तू कबुली मागितली नाहीस, मी दिली नाही. आणि तू बरोबर होतीस, हे आता सांगून तुझ्या कानी पडणार नाही.

आता टेंपोचं.

कंपनीचा पेटारा, मृदंग आणि आम्ही नट ज्यात कोंबले जातो तो टेंपो, देवाची करणी, वर्षातून दोन-तीनदा बिघडतोच. आणि तो नेमका कुडाळला, विन्या ज्या गॅरेजात आहे तिथे न्यावा लागतो, कारण दुसरं कोणी त्याला हात लावत नाही. तुला हे कळलं त्या दिवसापासून तू आमच्या टेंपोची चौकशी सुरू केलीस. “काय रे दिग्या, टेंपो बरो आसा?” बरा आहे म्हटलं की तुझं तोंड उतरायचं. “कसलो तुमचो टेंपो, बिघडत पण नाय धड.” जगात आमच्या टेंपोचं वाईट चिंतणारी तू एकटीच बाई होतीस. आणि बिघडून दुरुस्त होऊन आला की तू बागेच्या दगडी गडग्याशी उभी. “भेटलो काय रे?”

“भेटलो. बरो आसा. हात चांगलो बसलोहा तेचो कामावर.”

“जेवता-खाता?”

“पोट सुटूक लागलाहा.”

मग दुसरीकडे बघत, “माझा काय इचारल्यान?”

“कामात होतो गो.”

तू मान हलवायचीस आणि आत जायचीस.

कुंदे, तो विचारायचा. पहिल्या खेपेपासून विचारायचा. बोनेटमध्ये डोकं खुपसून, माझ्याकडे न बघता, “ताय बरी आसा?” आणि लगेच, “तिका सांगू नकात हां काका, मी इचारलंय ता.” मी शब्द दिला. आणि पाळला. ज्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, त्याने आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली. मला त्याचा अभिमानही होता. गडग्याशी तू मान हलवून आत जायचीस आणि मी मनात म्हणायचो, बघ, शब्द असा पाळतात. तुला दाखवता येत नव्हतं एवढीच काय ती खंत. योग्य वेळ आली की तो स्वतःच येईल, तोपर्यंत आपण मध्ये पडू नये, असं मी धरून चाललो होतो. तुझंमाझं भांडण मी असा एकटाच जिंकत होतो आणि तुला पत्ता नव्हता.

तू इतक्या लवकर जाशील, हे मी धरलं नव्हतं.

शोकसभेला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मी टेंपो काढला आणि कुडाळला गेलो. टेंपो ठणठणीत होता. विन्याने बोनेट उघडलं, इकडे-तिकडे हात लावला, चालू करून ऐकला.

“काय झाला हेका?”

“काय झाला नाय.”

त्याने फडक्याला हात पुसले. बातमी त्याला कळलेली होती, ते दिसत होतं.  मग म्हणाला, “काका, तायक म्हायत होता ना? मी इचारतंय ता?”

मी टेंपोचं दार उगाच लावून परत उघडलं.

“तुमी सांगितलास ना तिका?”

“तू सांगू नको म्हणालंस, विन्या.”

“म्हणालंय. पण तुमच्या पोटात काय रवता काय? अख्ख्या गावाक म्हायत आसा. म्हणानच तर तुमका इचारलंय. माका वाटला, तुमी घराक पोचूच्या आधी तिका सांगतलास.”

एक ‘होय’ म्हटलं असतं तर संपलं असतं. मी रंगमंचावर मेलेले नवरे रडून उठवले आहेत, हे मला किती सोपं होतं. मी सांगितल्यावर तू ‘माका म्हायत होता, तो इचारतलो,’ असं म्हणालीस, तुझे डोळे भरून आले, तू मला पोहे खायला घातलेस, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. पण मांगरात मुलांशी तू कधी खोटं बोलली नाहीस. त्या दिवशी माडाखाली ‘होय रे, मांगरात’ म्हणून वेळ मारून नेणं तुलाही सोपंच होतं.

“नाय रे,” मी म्हटलं. “मी सांगूक नाय तिका.”

तो जुन्या टायरावर बसला. मी बाजूच्या टायरावर बसलो. माझ्याकडे तीन विनोद होते, ते गिळले. मग मला तुझं आठवलं आणि मी भीत भीत विचारलं, आवाज साधा ठेवायचा प्रयत्न करत. “तसले इचार परत येतत काय रे मनात? जीव देवचे?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी असं काही विचारीन, हे त्याला अपेक्षित नव्हतं. म्हणाला, “येतत कधीतरी. पयल्यासारखे नाय. गोळये चालू आसत. बायकोक म्हायत आसा, इलो इचार की तिका सांगतंय.” मग फडकं गुडघ्यावर टाकून म्हणाला, “राग होतो माका तायचो. अजून आसा थोडो. तो आता खंय ठेवू?”

 तुला ह्याचं उत्तर आलं असतं का, ठाऊक नाही. कदाचित तूही नुसती बसली असतीस.

“तिका काय सांगूचा होता तुका?” मी विचारलं.

“कायच नाय. येवन जरा बसाचा होता मांगरात.”

आतून मालकाची हाक आली आणि तो उठला. जाताना टेंपोचं ऑइल बदलायला झालंय, म्हणाला, आणि ते काम काढून बसला. मी तिथेच थांबलो, ते होईपर्यंत, काही न बोलता. तुझा विश्वास बसणार नाही.

तर कुंदे, शब्द मोडतो आता. एकदा त्याने विचारलं, ताय अजून मांगर उघडता काय. लग्न ठरलं तेव्हा विचारलं, तिका आमंत्रण गेला तर ती येयत काय, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, रवांदे, सोडा. आणि गेल्या पावसाआधी, टायर बदलताना, विचारलं, “तिचो गुडघो बरो झालो काय?” मी ‘बरो आसा’ म्हटलं आणि गाडीत बसलो. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं. तुझा गुडघा दुखतो, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तो माझ्याखेरीज आणखी कुणालातरी विचारत होता.